परिसंस्थेला धोका किती? तक्त्यातल्या एका चौकटीत काय भरू?

आडवातिडवा
मंडळी, मदत हवीय. मी मूळचा हिशेबाचा माणूस, एक्सेल हेच आपलं शेत. ऑफिसात एका प्रकल्पाचं रिस्क रजिस्टर बनवायचं काम गळ्यात पडलंय. पाच बाय पाचचा तक्ता तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असेलच, एका बाजूला शक्यता १ ते ५, दुसऱ्या बाजूला तीव्रता १ ते ५, गुणाकार करायचा आणि येईल त्या आकड्याप्रमाणे चौकट हिरवी, पिवळी नाहीतर लाल. आग लागणे, क्रेन पडणे, पेमेंट अडकणे असं सगळं भरून झालं. शेवटून दुसऱ्या ओळीत नुसतं लिहिलंय 'परिसंस्था'. बस्स, एक शब्द. माझ्या आधीच्या माणसाने तिथे ३ गुणिले ३ बरोबर ९ टाकून पिवळा रंग मारून ठेवलाय. कसं काढलंस विचारलं तर म्हणाला, मधलं टाकलं की कोणी विचारत नाही.
प्रकल्प साधा आहे. नदीकाठी एक युनिट, पाणी उचलणार, प्रक्रिया करून परत सोडणार, शिवाय झाडीतून जाणारा एक जोडरस्ता. माझा प्रश्न इतकाच की माणसाच्या एखाद्या उद्योगाने निसर्गाचं किती बिघडेल हे मोजायची खरंच काही रीत आहे, की सगळा अंदाजपंचे कारभार? मला तर दुसरं वाटायला लागलंय.

निमूट
ज्याने ९ टाकला तो प्रमोशनला पात्र आहे.

टिटवी
आडवातिडवा, आधी त्या ओळीचं नाव बदला. परिसंस्था ही एक ओळ नाहीच, ते अख्खं रजिस्टर आहे. नदीचं पाणी, गाळातले किडे, ते खाणारे मासे, मासे टिपणारे पक्षी, काठची झाडी, पुराचं पाणी पसरतं ती सखल जागा आणि या सगळ्यांचे आपसातले व्यवहार, हे सगळं त्यात आलं. 'परिसंस्थेला धोका किती' हे 'गावाला ताप किती' विचारल्यासारखं आहे. कुणाला ताप?
फील्डवर आम्ही तीन गोष्टी जोडून बघतो. उगम काय, वाट कोणती, पोचतं कुणापर्यंत. यातली एक कडी जरी नसली तरी मामला मिटला. विषारी ड्रम बंद गोदामात पडलाय आणि पाण्यापर्यंत जायला त्याला वाटच नाही, तर माशाला त्याचं काही नाही. उलट नुसतं कोमट पाणी, त्यात विषबिष काही नाही, पण ते बरोब्बर माशांच्या विणीच्या जागी आणि विणीच्या दिवसांत सोडलं तर वर्षाची पिढी गेली म्हणून समजा.
आणि मोजायच्या आधी हे ठरवायचं की वाचवायचंय काय. आमच्यात त्याला एंडपॉइंट म्हणतात. 'नदी निरोगी राहावी' हा एंडपॉइंट नाही, ती शुभेच्छा झाली. 'अमुक माशाची या पट्ट्यात दरवर्षी वीण होत राहावी' हा एंडपॉइंट. हे काही माझं डोकं नाही, अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या १९९८ च्या मार्गदर्शिकेत प्रश्नाची मांडणी हाच पहिला टप्पा आहे, मोजमाप त्यानंतर येतं. तुमच्या तक्त्यात पहिला टप्पा गाळून थेट रंगकाम सुरू झालंय.

बाराखडी
टिटवीताई, छान लिहिलंत, पण एक खुसपट काढतोच. धोका आणि जोखीम हे दोन शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो. नागाच्या दातात विष आहे, हा धोका. तो टोपलीत बंद आहे की तुमच्या अंथरुणात, यावर जोखीम ठरते. धाग्याच्या शीर्षकात 'जोखीम' हवं होतं.

निमूट
टोपलीचं झाकण कुणी लावलं होतं त्यावर पण.

बाराखडी
@निमूट, चेष्टेत म्हणालात पण अगदी खरंय.

पाणपिसू
माझी आयडी बघून हसू नका, पोटापाण्याचा धंदा आहे. मी लॅबमध्ये काम करते, आणि 'मोजायची काही रीत आहे का' याचं उत्तर, आहे. फक्त ती काय मोजते ते नीट समजून घ्या.
पाणपिसू म्हणजे डॅफ्निया, गोड्या पाण्यातला बारीकसा जीव. चाचणीसाठी चोवीस तासांच्या आतली पिल्लं लागतात, टाचणीच्या डोक्याएवढीही नसतात. रुंद तोंडाच्या ड्रॉपरने अलगद उचलायची, अरुंद घेतला तर चेंगरतात, आणि पाण्याबाहेरून टपकन सोडली तर अंगाखाली हवा अडकून बिचारी पृष्ठभागावर तरंगत बसतात, म्हणून ड्रॉपरचं टोक पाण्यात बुडवून सोडायची. रसायनाच्या प्रत्येक तीव्रतेला किमान २०, साधारण पाच-पाचच्या चार भांड्यांत. ४८ तास खायला काही नाही. मग भांडं हलकेच फिरवायचं आणि १५ सेकंद बघत बसायचं. पोहली तर ठीक, नाही पोहली तर ती 'अचल' म्हणून लिहायची. मेली असं लिहीत नाहीत, कारण इतक्या लहान जिवाचं मरण खात्रीने सांगता येत नाही. निम्मी पिल्लं ज्या तीव्रतेला अचल होतात तो आपला आकडा.
असाच आकडा शेवाळाचा काढतात, माशाचा काढतात. तिघांत जो सगळ्यात आधी आडवा होतो त्याचा आकडा घ्यायचा आणि हाताशी फक्त अशा अल्पमुदतीच्या चाचण्या असतील तर त्याला १००० ने भागायचं. हो, हजार. तिघांच्याही लांब मुदतीच्या चाचण्या असतील तर १० ने. हे हजार आणि दहा कुठल्या भांड्यातून निघालेले नाहीत, आपल्याला जेवढं कळत नाही तेवढी फी आपण भरतो. भागाकार करून जी पातळी येते तिच्याखाली परिणाम होऊ नये असं धरायचं. मग नदीत प्रत्यक्ष किती येणार त्याचा अंदाज काढायचा आणि त्याला या पातळीने भागायचं. उत्तर १ च्या वर गेलं की काळजीचं काम.
एकदा आमच्याकडे कंट्रोलमधलीच, म्हणजे साध्या पाण्यातली, वीसातली सहा अचल निघाली. दहा टक्क्यांच्या वर गेली की चाचणी रद्द. शोधलं तर भांडी धुताना साबण नीट निघाला नव्हता. दोन दिवसांचं काम वाया, आणि मी तेव्हापासून घरातली भांडीसुद्धा तीनदा विसळते.

शेवटचा_बाक
पाणपिसू, सुंदर प्रतिसाद. मी शाळेत शिकवतो आणि हे हजाराने भागणं पोरांना सांगितलं की पहिला प्रश्न हमखास येतो, 'सर, मग भांड्यातल्या तिघांना न होणारं नदीत कुणाला झालं तर?' तेव्हा मी गिधाडांची गोष्ट सांगतो.
डायक्लोफेनॅक, गुरांच्या दुखण्यावरचं साधं औषध. गुराला त्याने आराम पडायचा. पण औषध दिल्यावर थोड्या दिवसांत गुरू मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी, आत सगळीकडे युरिक आम्लाचा पांढरा थर. भारतात १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून जास्त घटली. कारण सापडलं २००४ मध्ये, पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांच्या तपासणीतून. आणि हिशेब केल्यावर असं निघालं की मेलेल्या जनावरांपैकी शंभरात एकापेक्षाही कमी जनावरांत मारक प्रमाणात औषध असलं तरी एवढी घट व्हायला पुरेसं आहे. कारण एकेका मढ्यावर गिधाडांचा थवाच्या थवा बसतो, आणि गिधाडं वर्षाला एकच अंडं घालतात.
आता हे आडवातिडवांच्या तक्त्यात भरा. शक्यता? एक टक्क्याच्या आत, म्हणजे १. तीव्रता ५. गुणाकार ५. हिरवा रंग!

आडवातिडवा
बाप रे. हे वाचून मी फाइल उघडून पाहिली, ५ खरंच हिरव्यात येतो आमच्याकडे.

दशांशचिन्ह
शेवटचा_बाक यांचा मुद्दा गणिताच्या अंगाने मांडतो. १ ते ५ हे आकडे नाहीतच, ती क्रमवारी आहे. वर्गात पहिला, दुसरा, तिसरा असतात, म्हणून पहिला गुणिले तिसरा असं करतं का कोणी? रोज उडणारी थोडी धूळ म्हणजे ५ गुणिले १ आणि एखादी प्रजाती कायमची जाणं म्हणजे १ गुणिले ५, तक्त्याच्या लेखी दोन्ही सारखेच. जोखीम-विश्लेषक टोनी कॉक्स यांनी २००८ मध्ये अशा तक्त्यांची चांगली चिरफाड केली होती, काही परिस्थितींत हे तक्ते नाणं उडवण्यापेक्षाही वाईट निवड करतात हे त्यांनी दाखवलं.
दुसरं, 'सर्वेक्षणात अमुक प्राणी आढळला नाही' हे वाक्य अहवालात आलं की सावध व्हा. समजा ३० दिवस पाहणी केली आणि प्राणी एकदाही दिसला नाही. तिनाचा एक सोपा नियम आहे, ३ भागिले ३०, म्हणजे तो दिवसाला १० टक्के शक्यतेने दिसणारा असला तरी तुमचे ३० दिवस कोरडे जाणं अगदीच अशक्य नाही. जे म्हणता येतं ते फक्त '१० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा' एवढंच, तेही ९५ टक्के भरवशाने. 'आढळला नाही' चं 'नाही' करायला अहवालात एक परिच्छेदसुद्धा लागत नाही.

टिटवी
दशांशचिन्ह, हे फ्रेम करून लावावं असं आहे. मी स्वतः एका ठिकाणी पाहणीला गेले होते (जागा सांगत नाही, काम देणाऱ्यांचंही नाव नको), तर वेळापत्रक असं की बेडकांची पाहणी ऐन कोरड्या दिवसांत. मी म्हटलं आत्ता बेडूक जमिनीखाली आहेत, तर उत्तर आलं, 'मग नाही सापडले असंच लिहा ना, खोटं थोडीच आहे.' खरंच खोटं नव्हतं. दगड उलटत गुडघे फुटले आणि शेवटी हाती लागला एक विंचू.

निमूट
विंचवाला एंडपॉइंट करा. त्याच्याकडे आहेच.

मुंगीपावलं
:-))) निमूट, दंडवत स्वीकारा.

कोरडवाहू
सगळे एका सुरात गाताहेत म्हणून जरा विरोधी सूर लावतो. माणूस श्वास घेतो तरी परिणाम होतोच. शेती हा निसर्गात केलेला सगळ्यात मोठा हस्तक्षेप, त्याचं मूल्यांकन कुणी केलं होतं? केलं असतं तर आपण अजून गुहेतच असतो. निसर्ग एवढा नाजूक नाहीये. सिॲटलजवळचं लेक वॉशिंग्टन घ्या, शहरांचं सांडपाणी सोडून सोडून त्याचं शेवाळलेलं डबकं झालं होतं, १९६३ ते १९६८ मध्ये सांडपाणी टप्प्याटप्प्याने दुसरीकडे वळवलं आणि काही वर्षांत तळं पुन्हा स्वच्छ. म्हणजे चुकलं तर दुरुस्त करता येतं. तुम्हा लोकांच्या असल्या हजाराने भागण्याने चांगले प्रकल्प अडकतात आणि वाईट प्रकल्पवाले पैसे देऊन अहवाल करून घेतात, हा माझा खरा राग आहे.

टिटवी
कोरडवाहू, शेवटच्या वाक्याला संपूर्ण अनुमोदन. बाकीच्याला नाही. तळं सुधारलं कारण दुखणं एकाच गोष्टीचं होतं, मुख्यतः फॉस्फरस, आणि तो येणारे नळ मोजता येत होते, तळं खोल होतं, पाणी पुरेसं लवकर बदलत होतं. शिवाय एडमंडसन नावाचे शास्त्रज्ञ आधीपासून त्या तळ्याचे आकडे ठेवत होते आणि सांडपाणी वळवलं तर काय होईल हे त्यांनी आगाऊ सांगितलं होतं. म्हणजे तुमचं उदाहरण मूल्यांकन जमल्याचंच उदाहरण आहे की!

उलटा_वारा
आणि जिथे जमलं नाही ते न्यूफाउंडलंडचे कॉड मासे. १९९२ च्या जुलैत कॅनडाने मासेमारी बंद केली, तीस हजारांच्या आसपास लोकांचा रोजगार एका झटक्यात गेला आणि साठा आजही जुन्या पातळीला आलेला नाही. यातली गंमत, म्हणजे गंमत कसली, अशी की मूल्यांकन दरवर्षी होत होतं, चांगले शास्त्रज्ञ होते. पण अंदाजाचा एक मोठा आधार म्हणजे मोठ्या ट्रॉलर्सना तेवढ्याच कष्टात किती मासे मिळतात हा होता. कॉड कमी होत गेले तसे उरलेले एका जागी गोळा होत गेले, आणि सोनार म्हणजे ध्वनिलहरींनी मासे हुडकणारं यंत्र असलेल्या ट्रॉलर्सना गोळा झालेले मासे नेमके सापडायचे. जाळं भरतंय म्हणजे समुद्र भरलेला आहे असं कागदावर दिसत राहिलं. किनाऱ्यालगत लहान होड्या घेऊन जाणारे आधीपासून ओरडत होते की मासा मिळत नाही आणि मिळतो तो लहान. पण त्यांचं म्हणणं म्हणजे किस्से, आणि ट्रॉलरचं म्हणणं म्हणजे डेटा.

कोरडवाहू
हे मला माहीत नव्हतं. ट्रॉलरचा मुद्दा पटला.

निमूट
या धाग्यावर कोणीतरी 'पटला' लिहिलंय. संपादक, कृपया लक्ष द्या, आयडी हॅक झालेला दिसतोय.

मुंगीपावलं
अरल समुद्राचं कोणीच कसं काढलं नाही अजून? सोव्हिएत काळात त्याच्या दोन नद्या कापसाला वळवल्या आणि जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर आटून मिठाचं वाळवंट झालं. तेव्हा असलं मूल्यांकन असतं तर वाचलं असतं.

शेवटचा_बाक
मुंगीपावलं, तिथेच तर मेख आहे. त्यांना माहीत होतं! नद्या वळवल्या की अरल आक्रसणार हे नियोजनकर्त्यांना ठाऊक होतं, कापसाचं मोल जास्त आहे असं त्यांनी ठरवलं होतं. जे मोजलं नव्हतं ते नंतर उडालेलं मीठ आणि रसायनांची धूळ, लोकांचे आजार, कोरडं पडत गेलेलं हवामान. सरोवराला जोखीम किती हे बरोबर मोजलं, पण सरोवर आणखी कुणाकुणासाठी काय करत होतं ती यादी अपुरी. आता आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेची जशी प्रजातींची लाल यादी असते तशी परिसंस्थांचीही आहे, तिच्यात शेवटची पायरी आहे 'कोसळलेली', आणि अरलचं उदाहरण त्या पायरीवर दिलं जातं. उत्तरेकडचा एक तुकडा २००५ मध्ये बांध घालून थोडा सावरलाय, तिथे मासे परत आले. पण तो तुकडाच.

बाराखडी
प्रजाती मेली तर 'नामशेष', परिसंस्था मेली तर 'कोसळलेली'. म्हणजे जागा तिथेच असते, तिच्यात दुसरंच काहीतरी राहायला येतं. शब्द बरोबर निवडलाय.

पाणपिसू
माझ्याच प्रतिसादाला एक पुरवणी. ४८ तासांत अचल न होणं म्हणजे सुरक्षित, असं अजिबात नाही. कॅनडात एक अख्खं तळं प्रयोगाला वापरलं, त्याला तळं २६० म्हणतात. २००१ ते २००३ अशी तीन वर्षं त्यात गर्भनिरोधक गोळ्यांतलं कृत्रिम इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-संप्रेरक, सोडलं, लिटरला ५ ते ६ नॅनोग्रॅम, म्हणजे नसल्यातच जमा. मासे मेले नाहीत. पण फॅटहेड मिनो या छोट्या माशाचे नर अंड्यातलं प्रथिन बनवायला लागले, वीण बंद पडत गेली, आणि तो मासा त्या तळ्यातून जवळजवळ संपला. त्याला खाणारा लेक ट्राउट पण मग रोडावला, त्याला औषधाने नाही, उपासमारीने मारलं. सोडणं थांबवल्यावर काही वर्षांनी मिनो सावरले हेही सांगायला हवं, नाहीतर कोरडवाहू मला पकडतील. माझ्या भांड्यात हे कधीच दिसलं नसतं.

दशांशचिन्ह
आणि काही वेळा वाटच कुणाला सुचत नाही. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यालगतच्या ओढ्यांत पाऊस झाला की अंडी घालायला आलेले कोहो सॅमन मासे काही तासांत मरायचे, वर्षानुवर्षं कारण सापडत नव्हतं. २०२० मध्ये उलगडा झाला, टायर लवकर तडकू नये म्हणून रबरात घालतात त्या रसायनाची ओझोनशी क्रिया होऊन बनणारा पदार्थ. टायर झिजतात, भुगा रस्त्यावर, पाऊस पडला की ओढ्यात. आणि त्याच जातकुळीतल्या चम सॅमनला तेवढ्याने काही होत नाही. आता भांड्यात चम घेतला असता तर?
आडवातिडवा, तुमच्या जोडरस्त्याची ओळ वेगळी करा हे यावरून आठवलं.

कोरडवाहू
बरं, मग करायचं काय? प्रत्येक टायरला हजाराने भागत बसायचं? टीका सोपी असते हो. उसाचा किडा खायला ऑस्ट्रेलियात १९३५ मध्ये आणलेले बेडूक डोईजड झाले हे सगळे सांगतात, पण त्याच देशात निवडुंगाने लाखो एकर गिळले होते ते १९२६ पासून सोडलेल्या एका पतंगाच्या अळीने मोकळे केले, हे कुणी सांगत नाही. सगळ्यांनी घाबरून बसायचं ठरवलं असतं तर निवडुंगच राहिला असता.

टिटवी
उदाहरण उत्तम आहे, पण दोन्ही शेजारी ठेवून बघा ना. पतंग सोडायच्या आधी तो दुसरी कुठली झाडं खातो का याची तपासणी केली होती, आणि ऑस्ट्रेलियात निवडुंगाचे स्थानिक भाऊबंद नव्हतेच. बेडूक काहीही खातो, विषारी आहे, आणि ज्या किड्यासाठी आणला तो उसाच्या शेंड्याला, बेडूक जमिनीवर. फ्रॉगट नावाचे कीटकतज्ज्ञ तेव्हाच म्हणत होते की हा प्राणी स्वतःच उपद्रव होईल, त्यांच्या म्हणण्यावरून काही काळ बंदीही आली आणि मग उठली. म्हणजे प्रश्न धाडसाचा नाही, विचारपूस केली का याचा आहे. आणि तोच शहाणा पतंग पुढे कॅरिबियन बेटांवर सोडला, तिथून १९८९ मध्ये फ्लोरिडात पोचला आणि तिथल्या मूळच्या निवडुंगांना खातोय. एका जागेचा अहवाल दुसरीकडे चिकटवायचा नसतो.

मुंगीपावलं
कॉपी-पेस्टवरून आठवलं. एक अहवाल वाचनात आला होता, नाव घेत नाही, त्यात डोंगराळ जागेच्या प्राण्यांच्या यादीत खाऱ्या पाण्यातले खेकडे होते.

निमूट
गिर्यारोहक असतील.

उलटा_वारा
@कोरडवाहू, करायचं काय याचं एक उत्तर माझ्याकडे आहे. कामाच्या आधी मोजा, नंतर मोजा, आणि जिथे काम होणार नाही अशी तशीच एक जागा निवडून तिथेही आधी आणि नंतर मोजा. नाहीतर पाऊस कमी झाला म्हणून मासे घटले की तुमच्यामुळे, हे आयुष्यात कळणार नाही. पण हे करायला 'आधी' लागतो, आणि प्रकल्पवाल्यांना मंजुरीच्या आधी कधीच वेळ नसतो.
कधीकधी तुलनेला लागणारी शांत वेळ नंतर फुकट मिळते. ११ सप्टेंबर २००१ नंतर काही दिवस जहाजांची ये-जा एकदम थंडावली, तेव्हा कॅनडाच्या बे ऑफ फंडीत राइट व्हेल या देवमाशांवर काम करणाऱ्यांकडे पाण्याखालच्या आवाजाची नोंद होती आणि व्हेलच्या विष्ठेचे नमुने होते. आवाज ६ डेसिबलने उतरला आणि विष्ठेतली ताणाची संप्रेरकं पण उतरली. व्हेलवर कायमचा ताण होता, फक्त तुलना करायला शांतता कधी मिळालीच नव्हती.

शेवटचा_बाक
यालाच जोडून मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांचा १९९५ चा मुद्दा. प्रत्येक पिढी आपण कामाला लागलो तेव्हा जे होतं तेच 'मूळचं' धरते आणि घट तिथून मोजते. म्हणजे 'आधी' मोजलं तरी तो कितव्या घसरणीनंतरचा 'आधी' आहे हे विचारायचंच.

आडवातिडवा
परत आलो. आठवडाभर गायब होतो कारण तुमचे प्रतिसाद प्रिंट काढून ऑफिसात नेले होते. काय झालं सांगतो.
टिटवी म्हणाल्या तसं ओळ फोडली. उगम, वाट, कुणापर्यंत. सतरा ओळी झाल्या. साहेब म्हणाले एका पानात बसत नाही. मी म्हटलं फॉन्ट लहान करतो.
मग पाणपिसूताईंचा भागाकार करून बघितला, आणि इथे माझं हिशेबाचं डोकं पहिल्यांदा कामाला आलं. सल्लागाराच्या अहवालात आमचं सोडलेलं पाणी नदीत मिसळून किती पातळ होतं त्याला नदीचा वार्षिक सरासरी प्रवाह धरला होता. आकडे बदलून सांगतो. आमच्या एक भाग पाण्याला नदीचे ९९ भाग, म्हणजे शंभरपट पातळ. आमच्या पाण्यात एक क्षार १००, तर नदीत १ वाढणार. परिणाम होऊ नये अशी पातळी ५. एक भागिले पाच, ०.२, हिरवं. पण सरासरी! पुराचे दोन महिने सरासरीत घुसलेत. कोरड्या दिवसांत नदीला ९९ नाही, ७ भागच पाणी असतं. म्हणजे आठपट पातळ, १२.५, भागिले पाच, २.५. लाल. तोच प्रकल्प, तेच पाणी. वर आम्ही त्याच दिवसांत त्याच नदीतून पाणी उचलणार, ते वेगळ्या ओळीत होतं म्हणून कुणी जोडलंच नव्हतं. खात्याच्या भाषेत बोलायचं तर जमा एका वहीत आणि खर्च दुसऱ्या वहीत.

पाणपिसू
वा!! हेच. आणि सरासरी धरतच नाहीत हो अशा हिशेबाला, बऱ्याच ठिकाणी दहा वर्षांतून एकदा येईल असा सात दिवसांचा किमान प्रवाह घेतात. मासा सरासरीत जगत नाही.

कोरडवाहू
हे आवडलं. इथे प्रकल्प अडवायचीही गरज नाही, कोरड्या दिवसांत सोडायचं पाणी साठवून ठेवा, टाकी बांधा. हिशेब केला म्हणून उपाय दिसला. आणि हा हिशेब सल्लागाराने पैसे घेऊन केला नव्हता, याची नोंद घ्यावी.

दशांशचिन्ह
बाकीच्या सोळा ओळींचं काय झालं?

आडवातिडवा
सहा ओळींना आकडा देता आला. चार ओळींत वाटच नाही असं टिटवींच्या पद्धतीने दाखवता आलं, त्या काढल्या. उरलेल्या सहांबद्दल कुणाकडेच काही नाही, म्हणजे रस्त्याच्या पट्ट्यात बेडूक आहेत का, गाळात काय राहतं, वगैरे. तिथे ३ गुणिले ३ टाकायला हात उचलेना. मी त्या चौकटी करड्या रंगाने भरल्या आणि लिहिलं 'पाहणी झालेली नाही'. आता अडचण अशी की टेम्प्लेटमध्ये करडा रंग नाही, आणि खाली एकूण बेरीज येते तिथे एरर येतोय. साहेब विचारताहेत करड्याचे किती धरायचे.

निमूट
९.

टिटवी
निमूट, उठा इथून :-) आडवातिडवा, एरर तसाच राहू द्या, त्याच्याकडे बघून तरी कुणीतरी विचारेल. बेडकांची पाहणी ठरली का, आणि कोणत्या महिन्यात?

आडवातिडवा
ठरली. पुन्हा कोरड्याच दिवसांत लावली होती, मी तुमचा विंचवाचा प्रतिसाद साहेबांना वाचून दाखवला. आता पहिल्या पावसानंतर आहे. रात्रीचं जायचं आहे म्हणे. मलाही बरोबर यायला सांगितलंय, बूट कुठले घ्यायचे?

टिटवी
गमबूट. आणि आत हात घालून बघा घालायच्या आधी.